पडद्यावरील रेषांचें वेळापत्रक

आजच्या विद्यार्थ्यांस पडदा ही वस्तु नवी नाहीं. घरोघरीं, दुकानांत, फार काय प्रत्येकाच्या खिशांतील मोबाईलमध्येंही तो आहे, आणि त्यावर हव्या त्या रंगांचीं चित्रें क्षणार्धांत उमटतात. जी वस्तु सहज मिळते तिच्या मागें कोणते श्रम आहेत हें पाहण्याची बुद्धि मनुष्यास सहसा होत नाहीं. परंतु सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं असेंच एक साधें चित्र घरच्या पडद्यावर आणण्याकरितां यंत्रकारांस एकेका मायक्रोसेकंदाचा, म्हणजे सेकंदाच्या दशलक्षांश भागाचा, हिशेब ठेवावा लागत असे. तो हिशेब कसा होता, तो कां ठेवावा लागला, आणि त्यापासून सामान्य कुटुंबांतील मुलांस कोणता लाभ झाला, हें प्रस्तुत लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

इ. स. १९८० च्या सुमारास संगणक ही बहुतेक कचेऱ्यांची, बँकांची व विश्वविद्यालयांची मालमत्ता होती. तो मुलांच्या हातीं पडावा अशी इच्छा पुष्कळांची होती. अडचण होती ती किंमतीची. ह्या किंमतींत पडद्याचा वाटा मोठा असे. त्यावर इंग्लंडांतील क्लाइव्ह सिंक्लेअर व त्यांच्यासारखे इतर कारखानदार यांनीं एक सोपी तोड काढली : पडदा विकूंच नये. दूरचित्रवाणीचा संच अनेक घरांत आहेच. संगणकाची तार त्याच्या अँटेनाच्या जागीं जोडावी म्हणजे झालें. एप्रिल १९८२ मध्यें सिंक्लेअर यांचा 'झेडएक्स स्पेक्ट्रम' हा रंगीत चित्रें काढणारा संगणक बाजारांत आला, तेव्हां त्याच्या लहान आवृत्तीची किंमत अवघी १२५ पौंड होती. त्याच दशकांत आपल्या महाराष्ट्रांत, पुणें येथील डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स ह्या कंपनीनें परवाना घेऊन ह्या यंत्राची 'स्पेक्ट्रम प्लस' ही आवृत्ति भारतांत विक्रीस आणली. म्हणून उदाहरणादाखल आपण हेंच यंत्र घेऊं.

परंतु ज्याच्या घरीं उतरावें त्याच्या घरचे नियम पाळावे लागतात. दूरचित्रवाणीच्या संचावर अवलंबून राहणाऱ्या संगणकास त्या संचाचें वेळापत्रक जसेंच्या तसें स्वीकारावें लागलें. त्याची गति, त्याच्या चित्राची रुंदी, त्याचे रंग, त्याचे दोषसुद्धां, ह्या एका बंधनांतून उत्पन्न झाले. तेव्हां प्रथम तें वेळापत्रक काय आहे तें पाहूं.

आपल्या देशांत दूरचित्रवाणीचा प्रारंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजीं दिल्ली येथें झाला. मुंबईचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें; रंगीत प्रक्षेपण १९८२ सालीं, म्हणजे दिल्लींतील आशियाई क्रीडासामन्यांच्या वर्षीं, आलें. जी पद्धति आपण स्वीकारली तींत एका पूर्ण चित्राच्या ६२५ रेषा असून अशीं २५ चित्रें दर सेकंदास पाठविलीं जातात. डोळ्यांस लुकलुक जाणवूं नये म्हणून प्रत्येक चित्र दोन हप्त्यांनीं काढतात : प्रथम एकाआड एक अशा निम्म्या रेषा, मग त्यांच्या मधल्या उरलेल्या. त्यामुळें पडदा वरपासून खालपर्यंत सेकंदास ५० वेळां रंगविला जातो. हा पन्नासाचा आंकडा विजेच्या प्रवाहावरून घेतला आहे. आपल्याकडे व यूरोपांत घरगुती वीज सेकंदास ५० आवर्तनें करते. अमेरिकेंत ती ६० करते, म्हणून तेथील पद्धति ५२५ रेषांची व सेकंदास सुमारें ६० हप्त्यांची झाली.

जुन्या संचांत कांचेची एक मोठी नळी असे. तिच्या मागच्या टोंकाकडून इलेक्ट्रॉनांचा बारीक झोत पुढच्या कांचेवर आदळे व जेथें तो पडे तेथें उजेडाचा ठिपका दिसे. मनुष्य लिहितांना डावीकडून उजवीकडे ओळ लिहितो, लेखणी उचलून पुन्हां समासाशीं येतो व खालची ओळ धरतो. झोतही अगदीं तसाच फिरे. २५ व ६२५ यांचा गुणाकार केला तर एका सेकंदांत १५,६२५ रेषा होतात. म्हणजे प्रत्येक रेषेच्या वांट्यास ६४ मायक्रोसेकंद येतात. त्यांपैकीं सुमारें १२ मायक्रोसेकंद परत फिरण्यांत जातात व चित्रासाठीं ५२ उरतात.

आतां प्रश्न असा कीं, केंद्रांतील यंत्र कोणती रेषा पाठवीत आहे हें घरच्या संचास कसें कळावें? त्यासाठीं प्रत्येक रेषेच्या आरंभीं एक इशारा पाठवितात. येणारा संकेत एकंदर १ व्होल्टाचा धरला तर त्यांतील वरचे ०.७ व्होल्ट उजेडाचें कमीजास्त मान सांगतात, आणि खालचे ०.३ व्होल्ट केवळ इशाऱ्यांसाठीं राखून ठेविलेले असतात. संकेत काळ्या रंगाच्या पातळीच्याही खालीं ४.७ मायक्रोसेकंद गेला कीं संचानें समजावें, नवी रेषा सुरू झाली. तळाशीं पोहोंचल्यावर ह्याहून लांब असा दुसरा इशारा येतो. त्याचा अर्थ, आतां पुन्हां वरच्या कोपऱ्यापासून आरंभ करा.

माळशिरसच्या वाचकांस ह्याचा दाखला शोधण्यास दूर जावयास नको. आषाढी वारींत श्रीज्ञानेश्वरमहाराजांची पालखी नातेपुत्याहून माळशिरसास येते व पुढें वेळापुराकडे जाते. समुदाय अफाट, तरी प्रत्येक दिंडीचें स्थान रथाच्या पुढें किंवा मागें नेमलेलें असतें, आणि निघण्याचा इशारा झाला कीं सारे चालूं लागतात. भजन कितीही गोड असो, ज्या दिंडीनें इशारा चुकविला ती आपली जागा गमावून बसेल. पडद्यावरही तसेंच घडतें. रेषेचा इशारा चुकला तर चित्र तिरपें होऊन फाटतें. पडद्याच्या आरंभाचा इशारा चुकला तर तें एकसारखें वरखालीं घसरत राहतें. जुने संच पाहिलेल्या पालकांस हें दृश्य खचित आठवत असेल.

प्रक्षेपणकेंद्रांत हे इशारे तयार करण्यास मोठीं व महाग यंत्रें असत. घरगुती संगणकानें तेंच काम दोनचार चिपांत करावयाचें होतें. १९८० सालच्या 'झेडएक्स ८०' ह्या यंत्रांत गणित करणारा प्रोसेसरच रेषा काढण्याचें कामही करी. एकाच शिक्षकानें वर्गही शिकवावा आणि दर मिनिटास बाहेर जाऊन घंटाही वाजवावी, तसा हा प्रकार होता. गणित सुरू झालें कीं पडदा कोरा होई. साधी कळ दाबली तरी चित्र क्षणभर नाहींसें होई. पुढच्या वर्षींच्या 'झेडएक्स ८१' मध्यें दोन रीति ठेविल्या. जलद रीतींत पडदा कोरा ठेवून गणित पूर्ण वेगानें चाले. मंद रीतींत चित्र कायम राही, परंतु गणित चित्राच्या वरच्या व खालच्या रिकाम्या रेषांच्या वेळांतच उरकावें लागे, व त्याचा वेग सुमारें चौथ्या हिश्शावर येई.

स्पेक्ट्रममध्यें घंटेसाठीं निराळा शिपाई नेमण्यांत आला. यंत्राच्या रचनाकारांपैकीं रिचर्ड अल्टवॉसर यांनीं पडद्याचें सर्व काम फेरांती कंपनीनें बनविलेल्या 'यूएलए' नांवाच्या एका चिपेकडे सोंपविलें. तिचें गणित शाळकरी मुलासही करतां येईल इतकें सरळ आहे. यंत्रांतील क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदास १ कोटी ४० लक्ष ठोके देतो. त्याचे निम्मे ७० लक्ष; ह्या एका ठोक्यास चित्राचा एक ठिपका. पुन्हां निम्मे ३५ लक्ष; ही प्रोसेसरची चाल. मायक्रोसेकंदास ७ ठिपके ह्या मानानें ६४ मायक्रोसेकंदांच्या रेषेंत ४४८ ठिपक्यांची जागा होते. त्यांतील २५६ ठिपके प्रत्यक्ष चित्राचे. ९६ ठिपक्यांचा काळ इशाऱ्यांत व परत फिरण्यांत जातो. उरलेल्या ९६ ठिपक्यांची दोहों बाजूंस एकरंगी किनार होते. ही किनार केवळ शोभेकरितां नाहीं. पुष्कळ संचांत चित्राच्या कडा पेटीच्या चौकटीआड जात; कडेपर्यंत अक्षरें लिहिलीं असतीं तर तीं वाचतां आलीं नसतीं.

उभ्या बाजूचा हिशेबही असाच आहे. ६२५ चे निम्मे ३१२॥ होतात. स्पेक्ट्रम ही अर्धी रेषा सोडून देतो व प्रत्येक वेळीं नेमक्या ३१२ रेषा पाठवितो. त्यामुळें दोन हप्ते एकमेकांच्या मध्यें न पडतां त्याच जागीं पडतात व अक्षरें थरथरत नाहींत. ह्या ३१२ पैकीं १९२ रेषांवर चित्र असतें. एका रेषेंत प्रोसेसरचे २२४ ठोके बसतात. २२४ गुणिले ३१२ म्हणजे ६९,८८८ ठोके. ३५ लक्षांस ह्या संख्येनें भागिलें तर सेकंदास ५०.०८ वेळां चित्र निघतें. संचाची अपेक्षा ५० ची. एवढा अल्प फरक तो चालवून घेतो. प्रत्येक चित्राच्या आरंभीं यूएलए प्रोसेसरलाही एक सूचना देते, आणि तेवढ्यांत तो कोणती कळ दाबली आहे तें पाहून घेतो. अर्थात् यंत्राची घटकाही दूरचित्रवाणीच्याच चालीनें चालते.

ह्यापुढची अडचण स्मृतीची. २५६ गुणिले १९२ म्हणजे ४९,१५२ ठिपके. प्रत्येक ठिपक्यास सोळांपैकीं कोणताही रंग द्यावयाचा तर चार बिट लागतील, व सर्व चित्रास २४,५७६ बाईट लागतील. त्या काळीं स्मृतीच्या चिपा महाग होत्या, आणि १२५ पौंडांच्या यंत्रांत वापरावयाची सर्व स्मृति मिळून १६,३८४ बाईटच होती. म्हणजे चित्रच मावत नव्हतें, मग गणिताची गोष्ट कशास! ह्यावर योजिलेला उपाय असा. प्रत्येक ठिपक्यास एकच बिट द्यावा. तो एवढेंच सांगेल कीं येथें शाई आहे कीं कागद. ह्याचे ६,१४४ बाईट झाले. मग पडद्याचे आठ ठिपके रुंद व आठ ठिपके उंच असे चौकोन पाडावे. आडवे ३२ व उभे २४, एकूण ७६८. प्रत्येक चौकोनास एक बाईट द्यावा, व त्यांत शाईचा एक रंग, कागदाचा एक रंग, चमक व लुकलुक यांची नोंद ठेवावी. सारें मिळून ६,९१२ बाईट झाले.

ह्या काटकसरीची किंमत डोळ्यांस दिसे. एका चौकोनांत दोहोंपेक्षां अधिक रंग बसत नसत. हिरव्या झाडापुढून लाल चेंडू नेला तर चेंडूभोंवतींचा झाडाचा तुकडाही लाल होई. आपल्या लिपीसही हें माप अपुरें पडे. इंग्रजी अक्षर आठ ओळींत सुखानें बसतें. परंतु देवनागरींत शिरोरेषेस एक ओळ, वरच्या वेलांटीस किंवा मात्रेस दोनतीन, खालच्या उकारास आणखी दोन सोडल्या तर अक्षराच्या अंगास कितीशा ओळी उरल्या? स्पेक्ट्रममध्यें वापरणारास स्वतःच्या कल्पनेचीं २१ चिन्हें घडवितां येत; परंतु त्यांवर मराठी लिहावयाचें म्हणजे एका अक्षरास अनेक चौकोन खर्चावे लागत.

स्मृति एकच आणि तिचे गिऱ्हाईक दोन, ह्यांतून दुसरा पेंच उभा राहिला. नीरा उजव्या कालव्याखालील शेतकऱ्यास पाळी म्हणजे काय हें सांगावयास नको. पाणी एक व शेतें अनेक, तेव्हां ज्याची पाळी त्याचें पाणी, इतरांनीं थांबावें. स्पेक्ट्रमच्या पहिल्या १६,३८४ बाईटांत चित्रही असे व प्रोसेसरचें कामही चाले. झोत चित्रांतून जात असतां यूएलएला दर रेषेस ठिपक्यांचे ३२ व रंगांचे ३२ बाईट वाचावे लागत, आणि त्यासाठीं वेळ मिळे अवघा ३६.५७ मायक्रोसेकंदांचा. झोत कोणासाठींही थांबत नाहीं. म्हणून दोघांची गांठ पडली कीं यूएलए प्रोसेसरचे ठोकेच अडवून धरी. तो एकेका वेळीं सहा ठोक्यांपर्यंत ताटकळत राही. जाणते लोक म्हणून आपलें घाईचें काम मोठ्या आवृत्तींतील वरच्या स्मृतींत ठेवीत, कारण तिच्यावर पडद्याचा हक्क नव्हता.

हाच पेंच दुसऱ्या रीतीनेंही सोडवितां येतो. इ. स. १९८४-८५ मध्यें भारत सरकारनें शाळांतून संगणकाचा परिचय करून देण्याची 'क्लास' नांवाची योजना आरंभिली. तींत ब्रिटनमधील एकॉर्न कंपनीचा 'बीबीसी मायक्रो' हा संगणक वापरला होता. त्यांतील स्मृति सेकंदास ४० लक्ष वेळां वाचतां येई. एक पाळी प्रोसेसरची, एक पडद्याची, अशी आळीपाळी असल्यामुळें कोणासच थांबावें लागत नसे. परंतु त्यासाठीं अधिक वेगवान् चिपा घ्याव्या लागल्या, व यंत्र स्पेक्ट्रमपेक्षां पुष्कळच महाग झालें. शाळेस जें परवडतें तें प्रत्येक घरास परवडतेंच असें नाहीं.

आतां रंगांविषयीं. रंगीत प्रक्षेपण निघालें तेव्हां लाखों घरांत काळेपांढरे संच होते. ते एका रात्रींत निकामी करणें अन्यायाचें झालें असतें. म्हणून असें ठरलें कीं मूळचा उजेडाचा संकेत कायम ठेवावा व रंगाची माहिती त्यावर दुसऱ्या एका सूक्ष्म लाटेनें चढवावी. उजेडाचें मान काढतांना तांबड्याचे सुमारें ३०, हिरव्याचे ५९ व निळ्याचे ११ भाग शेंकडा घेतात, कारण मानवी डोळ्यास हिरवा अधिक उजळ व निळा मंद भासतो. रंगाची लाट आपल्या पद्धतींत सेकंदास ४४,३३,६१८.७५ आवर्तनें करते. हा विचित्र आंकडा मनास येईल तसा घेतलेला नाहीं. १५,६२५ ला २८३.७५ नीं गुणून त्यांत २५ मिळवा, तोच येईल. अपूर्णांक मुद्दाम ठेविला आहे, म्हणजे लाटेची नक्षी एका रेषेखालीं दुसरीस नेमकी न जुळतां सरकत जाते व काळ्यापांढऱ्या संचावर फारशी दिसत नाहीं.

लाटेची उंची रंगाचा गडदपणा सांगते. आणि ती कोणत्या क्षणीं वर चढते, ज्यास शास्त्रांत कला म्हणतात, त्यावरून रंग तांबडा कीं निळा हें ठरतें. ताडून पाहण्यास प्रमाण हवें, म्हणून प्रत्येक रेषेच्या इशाऱ्यानंतरच्या मोकळ्या जागेंत ह्या लाटेचीं सुमारें दहा आवर्तनें नमुन्यादाखल पाठवितात. वाटेंत कला थोडी ढळली तर अमेरिकन पद्धतींत माणसाचा चेहरा हिरवट दिसे. जर्मनींतील टेलिफुंकन कंपनीचे वॉल्टर ब्रूख यांनीं १९६३ च्या सुमारास ह्यावर उपाय काढला. लाटेचा एक भाग त्यांनीं एकाआड एक रेषेंत उलटा केला. त्यामुळें एका रेषेंतील चूक दुसरींतील उलट चुकीनें भरून निघते. हीच 'पाल' पद्धति. भारतानें रंगासाठीं तीच घेतली.

स्पेक्ट्रममध्यें ह्या लाटेसाठीं दुसरा स्वतंत्र स्फटिक बसविला होता. एक घड्याळ ठिपक्यांचें, दुसरें रंगाचें, आणि दोहोंचा मेळ नाहीं. त्यामुळें रंगीत अक्षरांच्या कडा मुंग्या चालाव्या तशा वळवळत दिसत. अमेरिकेंत १९७७ सालीं स्टीव्ह वॉझ्निअॅक यांनीं 'अॅपल २' ह्या यंत्रांत नेमका उलट मार्ग धरला होता. त्यांनीं सर्व यंत्र रंगलाटेच्या चौपट वेगाच्या एकाच स्फटिकावर चालविलें. मग ठिपके एकाआड एक पेटविले कीं संच त्यांसच रंगाची लाट समजून रंग दाखवी. युक्ति मोठी चतुर. परंतु एकाआड एक रेषेंत लाट उलटणाऱ्या पाल देशांत ती चालली नाहीं, व तेथें रंगासाठीं निराळें कार्ड जोडावें लागलें.

एका गोष्टीचा मात्र विशेष उल्लेख केला पाहिजे. स्पेक्ट्रमच्या आठ रंगांस क्रमांक आहेत : ० काळा, १ निळा, २ तांबडा, ३ जांभळट, ४ हिरवा, ५ आकाशी, ६ पिवळा, ७ पांढरा. निळ्याचा १, तांबड्याचा २, हिरव्याचा ४, व मिश्रणाची बेरीज, असा हा नियम आहे. वर सांगितलेलें उजेडाचें मान लावून पहा; हाच क्रम मंदापासून उजळाकडे जातो. त्यामुळें ज्याच्या घरीं काळापांढराच संच आहे त्या मुलालाही आठ रंग राखाडी छटांच्या चढत्या पायऱ्यांसारखे वेगवेगळे ओळखतां येत. आपल्याकडे त्या काळीं बहुतेक घरांत काळेपांढरे संचच होते, हें लक्षांत घेतलें म्हणजे ह्या लहानशा योजनेचें मोल कळतें.

विद्यार्थ्यांनीं एक प्रयोग करून पाहावा. चौकटीच्या वहींत आठ बाय आठ घरें आंखून त्यांत आपल्या नांवाचें पहिलें अक्षर ठिपक्यांनीं बसवावें. प्रत्येक ओळींतील घरांस डावीकडून १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १ अशा किंमती द्याव्या व भरलेल्या घरांची बेरीज करावी. ज्या आठ संख्या निघतील त्याच संगणकाच्या स्मृतींतील आठ बाईट होत.

आतां कांचेच्या नळ्या जवळजवळ नाहींशा झाल्या आहेत. सपाट पडद्यांत कोठेंही झोत फिरत नाहीं. तरीसुद्धां जुनें वेळापत्रक गेलेलें नाहीं. आजच्या १,९२० बाय १,०८० ठिपक्यांच्या चित्रासाठीं तारेंतून प्रत्यक्षांत २,२०० बाय १,१२५ ठिपक्यांचा काळ पाठविला जातो, आणि मधल्या रिकाम्या जागेंतून आवाजाचीही वाहतूक होते. झोताच्या परतण्यासाठीं राखलेली विश्रांति झोत गेल्यावरही उपयोगी पडली.

पालकांनीं व विद्यार्थ्यांनीं ह्यावरून एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. ज्या यंत्रांवर त्या पिढीच्या अनेक मुलांनीं संगणकाचे पहिले धडे गिरविले तीं यंत्रें उत्तम नव्हतीं. त्यांचे रंग एकमेकांत मिसळत, त्यांचा प्रोसेसर ताटकळे, त्यांच्या अक्षरांच्या कडा वळवळत. परंतु तीं स्वस्त होतीं. आणि स्वस्त अशासाठीं होतीं कीं, त्यांच्या कर्त्यांनीं घरांत असलेलें साधन टाकून न देतां त्याचे नियम बारकाईनें अभ्यासिले, आणि ६४ मायक्रोसेकंदांपैकीं एकही वायां जाऊं दिला नाहीं. साधनें थोडीं असलीं म्हणून विद्या अडत नाहीं. जें हातीं आहे त्याचा नीट अभ्यास करावा व मिळालेल्या वेळाचा चोख हिशेब ठेवावा, हा धडा माळशिरसच्या मुलामुलींनींही गिरविण्यासारखा आहे.